बॅबून आणि तिसऱ्या दिवशी आलेला पेशंट

गंगापूर रोड, नाशिक

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. माकडांवर सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीरानं दिलेल्या बेफाम प्रतिसादानं अवयव निकामी होण्याचा, अभ्यास करणाऱ्या परदेशातल्या लॅबमध्ये जागा मिळतेय, जाऊ का, असं विचारलंयस. आधी एक पेशंट सांगतो.

द्राक्षांच्या गोडी छाटणीचे दिवस होते. निफाडकडच्या एका बागेत कात्री लागून हाताला जखम झालेला मजूर तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आला. पहिला दिवस हळद लावण्यात गेला, दुसरा गावातल्या इंजेक्शनवर. मी त्याचं नख दाबून सोडलं. तीन सेकंदांच्या आत ते पुन्हा गुलाबी व्हायला हवं, त्याला सहा लागले. गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटली होती. बायको म्हणाली, "डॉक्टर, ताप तर उतरलाय." हातपाय गार पडले होते, म्हणून तिला तसं वाटलं. तो सेप्सिसमधून वाचला नाही.

आता १९८७ सालचा बॅबून या आफ्रिकी माकडावरचा प्रयोग बघ. शिरेतून ई-कोलाय जिवाणू सोडायचे आणि टीएनएफ या दाह भडकवणाऱ्या प्रथिनाला निष्प्रभ करणारी अँटिबॉडी द्यायची. जिवाणूंच्या दोन तास आधी दिली, तर प्राणी पूर्ण बचावले. एकच तास आधी दिली, तर शॉक (रक्तदाब कोसळणं) टळला, पण अवयवांचं नुकसान टळलं नाही. एका तासाचा हा फरक! आणि माझा पेशंट तर तिसऱ्या दिवशी आला होता. पुढे माणसांवरच्या चाचण्यांत या औषधांनी निराशा केली, याचं मला नवल वाटत नाही. त्याच वर्षी सक्रिय प्रोटीन-सी या रक्त गोठणं आवरणाऱ्या प्रथिनानं बॅबूनमधला रक्त गोठण्याचा बिघाड आणि मृत्यू रोखले. त्यावरून आलेल्या औषधाला २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मोठ्या चाचणीत मृत्यू कमी होत नाहीत असं दिसल्यावर २०११ मध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं.

म्हणून बॅबून खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याला जे विचारलं, त्याचं उत्तर त्यानं दिलं. आपण विचारलं ते धडधाकट प्राण्याबद्दल, ठरल्या वेळी सोडलेल्या जिवाणूंबद्दल. आयसीयूतला आपला नेहमीचा पेशंट साठीचा, मधुमेही, आणि जंतुसंसर्ग नेमका कधी सुरू झाला हे कुणालाच सांगता येत नाही.

उंदरावर भागेल का? काही प्रश्नांसाठी जरूर भागतं. पण माणसाला किलोमागे दोन ते चार नॅनोग्रॅम एंडोटॉक्सिननं (जिवाणूच्या आवरणातल्या विषानं) हुडहुडी भरते, तर उंदीर त्याच्या हजारो पट सहज पचवतो. माणसासाठी बनवलेल्या कित्येक अँटिबॉडी उंदराच्या प्रथिनांना चिकटतच नाहीत, माकडाच्या चिकटतात. शिवाय माकडाचं रक्त वारंवार काढता येतं. तिथे त्याची खरी गरज आहे. तरी "जवळचा नातलग" या शब्दावर विसंबू नकोस. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन-१४१२ या अँटिबॉडी औषधाची चाचणी झाली. माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शानं सहा निरोगी स्वयंसेवक अतिदक्षता विभागात पोचले. माकडांच्या काही टी-पेशींवर (या प्रतिकारशक्तीच्या पेशी), औषध जिथे जाऊन बसतं ते सीडी-२८ हे प्रथिन नव्हतं.

अंजनेरीच्या पायऱ्यांवर पोर छातीशी कवटाळून बसलेली माकडीण तू पाहिली आहेसच. आपण तिथे मारुतीला हात जोडतो. ते लॅबच्या दारात विसरायचं नाही, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार अशा प्रयोगांना समितीची परवानगी लागते. पण समितीचा शिक्का मिळाला म्हणून तुझी जबाबदारी संपत नाही.

जा, पण एका अटीवर. होकार कळवण्याआधी त्यांचा प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाचा लेखी आराखडा, मागव. उपचार प्राणी आजारी दिसायला लागल्यावर सुरू करतात की आधीच, ते बघ. सलाइन, अँटिबायोटिक, व्हेंटिलेटर आपल्या आयसीयूसारखं देतात का? वेदनाशामक काय, आणि रात्री दोन वाजता पिंजऱ्यापाशी कोण असतं? प्राणी कुठल्या टप्प्यावर वेदनेतून सोडवायचा, हे आधी लिहून ठेवलंय का? आणि तोच प्रश्न पेशंटच्या रक्ताच्या नमुन्यावर सुटत असेल, तर ती जागा सोडून दे. मी इथे नमुने गोळा करायला मदत करीन.

प्रोटोकॉल आला की रविवारी घरी ये. दुपारी जेवायलाच ये, मग पानापानानं वाचू. येताना त्या १९८७ च्या शोधनिबंधाची प्रत आण, माझ्या प्रतीवरची अक्षरं पुसट झाली आहेत.

तुझे,
सर