आईसाठी पहिला स्मार्टफोन घेताय? आधी एवढंच बघा

कॉल, व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल आणि थोडं यूट्यूब एवढीच गरज असेल, तर कमी बजेटमध्येही चांगला फोन मिळतो, काळजी करू नका. मेगापिक्सेल, रिफ्रेश रेट, प्रोसेसरची नावं तूर्त बाजूला ठेवा.

सगळ्यात आधी बघा, सुरक्षा अपडेट्स (फोनच्या सुरक्षेतल्या त्रुटी दुरुस्त करणारे) कधीपर्यंत मिळणार. नवखे इथेच फसतात. जुनं मॉडेल सवलतीत दिसतं, पण अपडेट्सची मुदत साधारणपणे ते बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतलंत त्या दिवसापासून नाही. आई याच फोनवरून पैसे पाठवणार असतील, तर यात तडजोड नकोच.

मग हे:
- रॅम (ॲप्स चालू असताना फोन वापरतो ती मेमरी) किमान ४ जीबी, जमल्यास ६. 'व्हर्च्युअल रॅम' मिळवून फुगवलेला आकडा धरू नका. ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते.
- स्टोरेज १२८ जीबी. ३२ जीबी तर व्हॉट्सॲपवरचे फोटो-व्हिडिओच भरून टाकतात.
- बॅटरी ५००० एमएएचच्या आसपास.

आवाज मात्र कागदावर कळत नाही. शक्य असेल तर आईंनाच सोबत न्या. कॉलवरचं बोलणं त्यांना स्पष्ट ऐकू येतंय का, फोन हातात जड वाटतो का, हे त्याच सांगतील. आणि तुमच्या फोनच्याच कंपनीचा घेतलात तर उत्तम, कारण 'आता कुठे दाबू?' हे लांबून समजावताना दोघांच्या स्क्रीनवर बरंचसं सारखं दिसेल.

हातात देण्याआधी अक्षरं मोठी करा आणि नको असलेली ॲप्स काढून टाका.