कॅप्टनची जागा आत्ता नको म्हटलं तर?

प्रश्न: माझा नवरा अमेरिकेतल्या एका मोठ्या एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते ठिकाण, न्यूयॉर्क, पण माझी नोकरी रॅलेत असल्यामुळे घर इथे. मुलगी तीन वर्षांची. पहिली दोन वर्षं तो रिझर्व्हवर होता, म्हणजे फोन येईल तेव्हा निघायचं. आता कुठे महिन्याचं वेळापत्रक आधी हातात पडतं. त्याला न्यूयॉर्कलाच कॅप्टनची जागा मिळतेय, पण पुन्हा रिझर्व्हवर. सासूबाई पुण्याहून विचारतात, चालून आलेली संधी का सोडता? मी ‘थांब’ म्हटलं तर त्याच्या करिअरच्या आड येते का?
— रॅलेची वाचक

उत्तर: नाही, येत नाही. सासूबाईंनाही हे सांगा की ही जागा नाकारली म्हणून त्याचा सीनियॉरिटी नंबर (कंपनीच्या ज्येष्ठता यादीतला क्रम) एकानेही घसरत नाही. तो नंबर रुजू झाल्याच्या तारखेवर ठरलेला आहे. वरचे वैमानिक 65व्या वर्षी कायद्याने निवृत्त होतात, तसा तो वर सरकत राहतो. पुढची जागा निघेल तेव्हा तो आजच्यापेक्षा चांगल्या नंबरावर बोली लावेल, म्हणजे जागेची मागणी नोंदवेल; ज्याचा नंबर वरचा, त्याला ती आधी मिळते. नंबर पुन्हा तळाशी जातो तो कंपनी बदलली की.

थांबण्याची किंमत मात्र आहे, ती लपवत नाही. डिसेंबर 2007 मध्ये निवृत्तीचं वय 60 वरून 65 झालं आणि याद्या काही वर्षं जागच्या जागी थिजल्या. 2024 च्या विमान वाहतूक कायद्यात ते 67 करण्याचा प्रयत्न फसला, पण ही मागणी पुन्हा येऊ शकते. मंदी आली तरी हालचाल थांबते.

आता हिशेब. एकूण यादीतला नंबर बाजूला ठेवा. त्या बेसवर, त्या विमानावर, कॅप्टनच्या सीटवर तो कितवा असेल, एवढंच बघा. गेल्या सहा महिन्यांचे बोलींचे निकाल काढायला सांगा आणि दर महिन्याला लाइन (महिन्याचं आधी ठरलेलं वेळापत्रक) मिळालेला सर्वांत कनिष्ठ कॅप्टन कोण होता ते पाहा. त्याच्या आणि तुमच्या नवऱ्याच्या मध्ये किती जण आहेत, त्यातले किती जण येत्या दोन वर्षांत निवृत्त होणार, हे मोजा. आणखी एक गोष्ट, जी बरेच जण विसरतात: त्याच्या खाली नवे कॅप्टन येत आहेत का? खाली कुणी आलंच नाही, तर तो तळाशीच राहतो. न्यूयॉर्कची जागा कनिष्ठांना लवकर मिळते, कारण महागडं शहर, तीन विमानतळ आणि बाहेरगावाहून ये-जा करणारे पुष्कळ. म्हणजेच ती जागा लवकर मिळाली याचा अर्थ ती सोपी आहे असा नाही.

रिझर्व्ह दोन प्रकारचा असतो आणि तुमच्या घरासाठी हा फरक सगळ्यात मोठा आहे. शॉर्ट कॉलमध्ये साधारण दोन तासांत विमानतळावर हजर व्हावं लागतं. रॅलेहून ते शक्यच नाही, त्यामुळे ते सगळे दिवस न्यूयॉर्कच्या क्रॅशपॅडमध्ये (वैमानिकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत) जातात, फोन आला नाही तरी. 2014 पासून लागू असलेल्या नियमांनुसार ही उपलब्धता एका वेळी जास्तीत जास्त 14 तास असते आणि त्याआधी सलग 10 तास विश्रांती मिळते. त्या विश्रांतीत फोन उचलण्याचं बंधन नाही. लाँग कॉलला करारानुसार बरेच तास आधी कळतं, समजा 12. तरीही संध्याकाळी सहाला फोन आला आणि सकाळी सहाला हजर व्हायचं असेल, तर सकाळचं पहिलं विमान उपयोगाचं नाही. रात्रीचं शेवटचं विमान गाठायचं, तेही जंपसीट (कॉकपिटमधली जादा सीट) मोकळी असली तर. पहाटे उठून प्रवास करून तसंच ड्यूटीवर चढणं धोक्याचं आहे. आपण उड्डाणाला सक्षम आहोत हे त्याला स्वतः लिहून द्यावं लागतं. शॉर्ट की लाँग, हेही पुष्कळ ठिकाणी रिझर्व्हमधल्या ज्येष्ठतेवरच ठरतं.

पैसे कागदावर मांडा. एकाच विमानावर कॅप्टनचा तासाचा दर फर्स्ट ऑफिसरच्या साधारण दीडपट असतो. रिझर्व्हची हमी, म्हणजे फोन आला नाही तरी मिळणारा महिन्याचा पगार, 75 तासांची धरली, तर ती फर्स्ट ऑफिसरच्या सुमारे 112 तासांएवढी झाली. आत्ता तो 85 तास उडत असेल, तर फरक 27 तासांचा. त्यातून कर, क्रॅशपॅडचं भाडं, हॉटेलच्या रात्री आणि मुलीला सांभाळणाऱ्या बाईंचे जादा तास वजा करा. करारातले खरे आकडे घालून जे उरेल, ते तुम्हा तिघांना एवढ्या रात्रींच्या बदल्यात पुरेसं वाटतं का?

माझं मत विचाराल तर: रॅले सोडायचं नसेल आणि लाइन मिळायला वर्षभराहून जास्त लागणार असेल, तर थांबा. न्यूयॉर्कच्या जवळ राहायला जाणं तुमच्या नोकरीत बसत असेल, तर जागा घ्या, कारण बेसवर घर असलं की शॉर्ट कॉलचे कितीतरी दिवस घरीच जातात. आणि घेण्याआधी सीट-लॉक किती ते करारात वाचा. जागा घेतल्यावर तेवढा काळ परत फिरता येत नाही.

घेतलीच, तर रिझर्व्हच्या दिवशी तो गावात नाही असं धरूनच पाळणाघर आणि डॉक्टर ठरवा. शेवटच्या दिवसाची ट्रिप हवामानामुळे लांबून सुट्टीत शिरू शकते, तेव्हा त्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच ठरवू नका. वार्षिक रजेच्या बोलीत जुलै आणि ख्रिसमस ज्येष्ठांकडे जातात, पण शाळा सुरू झाल्यावरचा सप्टेंबर कमी जणांना हवा असतो. गणपती सप्टेंबरात असतील, त्या वर्षी तोच आठवडा पहिल्या पसंतीला टाका.