ऑस्ट्रेलियन साहित्य वाचायला घेताय? आधी एक कथा वाचा

साहित्याच्या जाडजूड इतिहासापासून सुरुवात करू नका, बहुतेकांचं वाचन तिथेच अडकतं. आधी हेन्री लॉसनची 'द ड्रोव्हर्स वाइफ' (१८९२) वाचा, एका बैठकीत संपते. नवरा मेंढरं हाकत दूर गेलेला, बाई चार पोरांसह रानातल्या घरात एकटी. साप फळ्यांच्या जमिनीखाली शिरतो आणि ती कुत्र्याला जवळ घेऊन रात्रभर जागते. भाषा इंग्लंडची, पण धूळ, उन्हाळा, एकटेपण सगळं तिथलं. सिडनीचं 'बुलेटिन' साप्ताहिक १८८० पासून असंच लेखन छापून वाचक घडवत होतं.

सुरुवातीला होणाऱ्या चुका:

- १७८८ ला ब्रिटनमधून कैद्यांची जहाजं ऑस्ट्रेलियात आली आणि लगेच साहित्य जन्मलं, असं समजणं. आधी रोजनिशा, अहवाल आणि घरी धाडलेली पत्रंच होती. 'आपण इथले' हे वाटायला जवळपास शंभर वर्षं गेली.
- या कथांत येणाऱ्या 'बुश' शब्दाचा झुडूप असा अर्थ लावणं. ते वस्तीपलीकडचं अख्खं रान.
- गोरे येण्याआधी जमीन रिकामी होती असं मानणं. ही चूक मला सर्वांत जास्त टोचते. लॉसनच्या कथेतही आदिवासी माणसं कडेकडेनेच येतात. दुसऱ्यांदा वाचताना त्यांच्याकडे नीट बघा. मग किम स्कॉट वाचा. २००० साली माइल्स फ्रँकलिन हा ऑस्ट्रेलियातला मानाचा साहित्य पुरस्कार मिळवणारे ते पहिले आदिवासी लेखक.

पॅट्रिक व्हाइट सध्या राहू द्या. नोबेल (१९७३) मिळालंय म्हणून तिथूनच सुरुवात केलीत तर दमाल. कथा वाचून झाली की काय वाटलं ते नक्की लिहा.