कोलशेतच्या प्रश्नाला लंडनहून, जरा उशिराने

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. राहता कोलशेतला, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत थ्रेट इंटेलचं, म्हणजे धोक्यांचा आधीच माग काढायचं काम करता, कंपन्यांना धोक्यांबद्दल सल्ला देणाऱ्या लंडनच्या रिस्क फर्मची ऑफर हातात आहे, मुलगी सात वर्षांची. आणि विचारलंय, ‘ताई, तिथे माजी गुप्तचर अधिकाऱ्यांच्या शेजारी बसून काम करायचंय. ती माणसं राजकारणातली लफडी आणि ही सगळी युद्धं कशी बघतात? आपला निभाव लागेल का?’ व्हिसा, फी, टीबीची तपासणी यातलं मी काही सांगत नाही; सरकारी संकेतस्थळावर ते माझ्यापेक्षा बरं लिहिलंय. बाकीचं सांगते. थोडं लांबेल.

मी हेर वगैरे नाही, हे आधीच सांगते. माहेर नौपाड्यातलं, सासर नेरूळचं, आणि २०१७ साली मी बेलापूरला एका फॉरवर्डरकडे, म्हणजे माल जहाजाने पाठवायची सोय करणाऱ्या कंपनीत, कंटेनरचे कागद बघायचे. जूनअखेरीला एके दिवशी न्हावा शेवाच्या एका टर्मिनलचे कॉम्प्युटर बसले. ट्रेलरची रांग वाढत गेली आणि ड्रायव्हर मला फोन करून अशा शिव्या घालत होते की जणू व्हायरस मीच सोडलाय. नंतर उलगडा झाला. तो नॉटपेट्या नावाचा व्हायरस. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटलेला, नेम युक्रेनवरच होता, पण जाता जाता मर्स्कसारख्या बड्या जहाज कंपनीचं जगभरचं काम त्याने आडवं पाडलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने जाहीरपणे रशियन लष्कराचं नाव घेतलं. करळ फाट्यावर खोळंबलेल्या ट्रेलरचा धागा तिथवर जातो, हे कळल्यावर मला झोप लागेना. नवऱ्याची बदली लंडनला झाली, मी जानेवारी २०१९ मध्ये मुलीला घेऊन आले, आणि पुढच्या वर्षी जहाजांच्या युद्धविम्याला सल्ला देणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले. तिथे मला तुम्ही म्हणता ती माणसं भेटली.

आपल्याकडे हेर म्हटलं की बहिर्जी नाईक डोळ्यांसमोर येतात, वेषांतर, रात्रीची दौड. इथे स्वेटर घातलेली साठीची माणसं असतात, चहात दूध जास्त घालतात आणि कुणी काही ठामपणे बोललं की विचारतात, ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ पहिले सहा महिने मला तो अपमान वाटायचा. मग कळलं की ते एकमेकांनाही हेच विचारतात. बातमी देणारा किती विश्वासाचा, याला ए ते एफ अक्षर. बातमी किती खरी वाटते, याला एक ते सहा आकडा. दोन्ही वेगवेगळं मोजायचं, कारण सज्जन माणूसही चुकीचं सांगतो आणि लबाडही कधीतरी खरं बोलतो. एफ म्हणजे खोटारडा नव्हे हं. एफ म्हणजे याच्याबद्दल मत बनवायला पुरेसं हाती नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. १९५१ मध्ये सीआयएच्या एका अहवालात लिहिलं होतं की युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे. शर्मन केंट या तिथल्या अधिकाऱ्याला परराष्ट्र खात्यातल्या कुणीतरी विचारलं, म्हणजे किती हो? केंट म्हणाला, पासष्ट-पस्तीस, हल्ला होईल या बाजूने. समोरचा दचकला, तो बरंच कमी धरून चालला होता. मग केंटने आपल्याच टीमला विचारलं, तर कुणाच्या मनात वीस टक्के, कुणाच्या मनात ऐंशी. सही मात्र सगळ्यांनी एकाच वाक्यावर केलेली! म्हणून ब्रिटनमध्ये आता पट्टी ठरलेली आहे: ‘वास्तव शक्यता’ म्हणजे चाळीस ते पन्नासच्या आत, ‘संभाव्य’ म्हणजे पंचावन्न ते पंच्याहत्तर. मी हे ऐकलं तेव्हा मला आमचे कस्टम एजंट आठवले. ‘बघतो मॅडम’ म्हणजे दहा टक्के, ‘करतो’ म्हणजे चाळीस, ‘झालंच समजा’ म्हणजे अजून सुरुवात नाही. तुम्ही ठाण्यात वाढलात, ही पट्टी तुम्हाला आधीच येते. फक्त लिहून दाखवायची सवय करा.

आता लफडी. तुम्हाला वाटत असेल की ही मंडळी पडद्यामागचं काहीतरी चघळत असतील. तसं होत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या बड्या अधिकाऱ्यांनी सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवर ग्रुप करून येमेनमधल्या हूती बंडखोरांवर हल्ल्याची चर्चा केली आणि त्यात चुकून एका मासिकाच्या संपादकालाच घेतलं. जग हसत होतं. मीही हसले. आमच्या टेबलावर कुणी हसलं नाही. एक बाई, जन्मभर असलंच काम केलेली, फक्त म्हणाली, ‘विमानांच्या वेळा लिहिल्या होत्या त्यांनी.’ विमानात माणसं बसलेली असतात, एवढंच तिच्या डोक्यात. दुसऱ्याचा प्रश्न, फोन सरकारी होते की घरचे? आणि तिसऱ्याने त्या संभाषणातलं उपाध्यक्ष व्हान्स यांचं एक म्हणणं अधोरेखित करून माझ्यापुढे ठेवलं: सुएझमधून अमेरिकेचा तीन टक्के व्यापार जातो, युरोपचा चाळीस. ‘हे वाच. बाकी उद्या विसरतील.’ खरंच होतं ते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हूतींनी ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज पळवल्यापासून आम्ही लाल समुद्रावरच जगत होतो. आफ्रिकेला वळसा घालायचा म्हणजे दहा-बारा दिवस जास्त, तो न घालता सरळ गेलं तर विम्याचा हप्ता अव्वाच्या सव्वा. अमेरिका तिथे किती काळ आणि कुणासाठी लढेल, हे कुठलाही प्रवक्ता सांगत नव्हता. ते त्या एका ओळीत होतं.

म्हणजे लफडं त्यांच्यासाठी खिडकी असते, घर एरवी कसं चालतं ते क्षणभर दिसतं. १९६३ चं प्रोफ्युमो प्रकरण घ्या. पेपरवाल्यांना मंत्री आणि तरुण मुलगी दिसली. यांना दिसला तो त्याच मुलीच्या ओळखीतला सोव्हिएत नौदलाचा अधिकारी. मंत्र्यांचं पद गेलं ते संसदेत खोटं बोलल्याने. माझा एक सहकारी म्हणतो, माणसाने काय केलं यापेक्षा ते लपवण्यासाठी तो काय द्यायला तयार होईल, ते बघ. किंवा पश्चिम जर्मनीतला गियोम. चॅन्सेलर ब्रँट यांचा सहायक पूर्व जर्मनीचा हेर असल्याचा संशय १९७३ मध्येच आला होता. तरी त्याला जागेवर ठेवला, पुरावा मिळावा म्हणून. तो त्यांच्याबरोबर नॉर्वेला सुट्टीवरसुद्धा जाऊन आला. १९७४ मध्ये अटक, मग ब्रँट यांचा राजीनामा. आणि गंमत अशी की पूर्वेशी जुळवून घेणारा माणूस गेल्याने तोटा पूर्व जर्मनीचाच झाला. त्यांच्या हेरप्रमुखाने पुढे तसं कबूलही केलं.

एका विषयावर मात्र ही माणसं गप्प होतात. इराक. सप्टेंबर २००२ ची ब्रिटिश सरकारची ती पुस्तिका, इराक पंचेचाळीस मिनिटांत महासंहारक अस्त्रं डागू शकतो हा दावा. २००४ च्या बटलर चौकशी अहवालाने म्हटलं की हाती असलेल्या माहितीला जेवढं पेलवत नव्हतं तेवढं वजन तिच्यावर टाकलं गेलं. ज्या ‘पण’, ‘बहुतेक’, ‘खात्री नाही’ यांच्यासह ती वर गेली होती ते लोकांपुढे येईतो गळून पडले. २०१६ मध्ये इराक युद्धाच्या चौकशीचा चिलकॉट अहवाल आला, बारा खंड. माझ्या ओळखीतल्या एकाने ते सगळे विकत घेतलेत. उघडलेले दिसत नाहीत. त्यांच्यापुढे इराकवर विनोद करू नका, मी केला होता.

भारतातल्या निवृत्त अधिकाऱ्यांकडून असं मोकळं बोलणं तुम्ही ऐकलं नसेल, कारण २०२१ पासून पेन्शनच्या नियमांतच आहे की अशा खात्यांतून निवृत्त झालेल्यांनी त्या कामाबद्दल परवानगीशिवाय काही छापायचं नाही. आणि इथल्या सरकारी गुप्तचर खात्यांत तुम्हाला-मला प्रवेश नाही, त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागतं. आपण कायम बाहेरच्या खोलीत. निभाव लागेल, पण खोली बाहेरचीच. मला त्याचं वाईट वाटतं की नाही, हे दिवसावर अवलंबून असतं.

आता कागद. नोकरी लागल्यावर पार्श्वभूमी तपासायला एक बाहेरची कंपनी नेमली होती. पाच वर्षांतले सगळे पत्ते, प्रत्येकाचा पुरावा. मी लिहिलं, नेरूळ, सेक्टर अमुक, प्लॉट तमुक. उत्तर आलं: या पत्त्यावर तुमच्या नावाचं वीजबिल? नाही. गॅस? नाही. घरपट्टी, पाणी, फोन? घर सासऱ्यांचं, सगळं त्यांच्या नावावर. आठ वर्षं त्या घरात मी पोळ्या लाटल्या, मूल वाढवलं, आणि कागदावर मी तिथे राहिलेच नव्हते. रेशन कार्ड पाठवलं, तर म्हणे भाषांतर करून पाठवा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नानंतरच्या पासपोर्टवर दुसरं, मध्ये बाबांचं नाव की नवऱ्याचं, यावर तीन आठवडे. शेवटी बाबा नौपाड्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळला गेले, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून पत्र घेतलं, नोटरी केलं, कुरिअर केलं. तपासणारा मुलगा पंचविशीचा, सभ्य. लिहितो, ‘तुम्ही खोटं बोलताय असं आमचं म्हणणं नाही, आम्हाला फक्त दुजोरा मिळत नाहीये.’ हे वाक्य मी नंतर स्वतः किती वेळा वापरलं, ते पुढे येईल.

एकटेपणाचंही विचारलंत. होतो. नोव्हेंबरात चारला अंधार पडतो. दिवे विकत आणा, फिरायला जा. पुढे.

मुलीच्या शाळेचं. हे लिहावं की नाही, यावर चार दिवस गेले म्हणून उत्तराला उशीर.

२०२१ च्या शरद ऋतूत ती दहा वर्षांची होती आणि आम्ही रात्रंदिवस काळ्या समुद्राकडे डोळे लावून होतो. रशियाचं सैन्य युक्रेनच्या सीमेवर जमताना सगळ्यांनाच दिसत होतं, उपग्रहाची चित्रं तर कुणीही विकत घ्यावीत. मतभेद होता तो इराद्यावर. अमेरिकन आणि ब्रिटिश म्हणत होते, हल्ला होणार. फ्रेंचांचा हिशेब असा की एवढी किंमत मोजून पुतिन हे करणार नाहीत. जर्मन गुप्तचर प्रमुख तर हल्ल्याच्या दिवशी कीव्हमध्येच होते, त्यांना रस्त्याने बाहेर काढावं लागलं. आमच्याकडे मी फ्रेंचांच्या बाजूची होते. २०२२ च्या १५ फेब्रुवारीला लंडनच्या विमा बाजाराच्या समितीने काळ्या समुद्राचा तो भाग धोक्याच्या यादीत टाकला, तोवर मी ‘वास्तव शक्यता’च्या पुढे जायला तयार नव्हते.

त्याच महिन्यांत घरी डबा भरलेला परत यायचा. सोमवारी पोट दुखायचं. एकदा ती म्हणाली, दोघी मुली तिच्या थालीपिठाला नाक मुरडतात, तिला एका बाकावर बसू देत नाहीत, आणि मागच्या आठवड्यात जिन्यावर ढकललं. मी लॅपटॉपवरून मान वर करून विचारलं, ‘तू पाहिलंस कुणी ढकललं ते, की तुला वाटलं?’ ती म्हणाली, वाटलं. मी शाळेला ईमेल केला. शाळेने छान लेटरहेडवर कळवलं की हा मैत्रिणींमधला किरकोळ बेबनाव आहे आणि त्यांचं लक्ष आहे. मी ते पत्र तिला वाचून दाखवलं. पत्र होतं म्हणून शाळा ए, आणि पोर दहा वर्षांची म्हणून एफ. मार्चमध्ये दुसऱ्या एका मुलीच्या आईने मला रस्त्यात थांबवून सांगितलं, तेव्हा कळलं की सप्टेंबरपासून रोज चालू होतं. रोज. दुजोरा मिळाला.

शाळेवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो सोयीचा आहे हेही मला कळतं. ऑफिसातल्या त्या बाईला मी हे सांगितलं. तिने नेहमीसारखं ‘कसं कळलं’ विचारलं नाही. तिचा मुलगा तिच्याशी अकरा वर्षं बोललेला नाही, एवढंच म्हणाली आणि कप धुवायला गेली. मुलगी आता चौदाची आहे, बरी आहे, थालीपीठ घरीच खाते. मला काही सांगायचं असलं की आधी बाबाला सांगते.

तेव्हा तुमच्यासाठी इतकंच: वर्षाच्या मध्ये येऊ नका. मधल्या प्रवेशात कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, जिथे जागा रिकामी असेल तिथे पाठवते, आणि जागा रिकामी का आहे हे कुणी सांगत नाही. आमची तीन बस-थांब्यांवरची मिळाली होती. सप्टेंबरला वर्ग सुरू होतात, त्याआधी पत्ता हातात असू द्या. कामात जे प्रश्न विचाराल ते दारात बूट काढताना तिथेच ठेवता आले तर बघा. मला जमत नाही. ‘बघतो’ म्हणालात तर ते किती टक्के, ते मी धरून चालेन.

आणि निघण्याआधी महावितरणच्या कचेरीत जाऊन एक बिल तुमच्या बायकोच्या नावावर करून घ्या. आमचं अजून सासऱ्यांच्याच नावाने येतं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, घर बंद आहे, फक्त फ्रीज चालू ठेवलाय. दर महिन्याला मी ते इथून भरते.