पाय तर सरळ झाले, मग बूट कशाला?

प्रश्न : आम्ही काटोल तालुक्यातले शेतकरी. मुलगा आठ महिन्यांचा आहे. जन्मतःच दोन्ही पावलं आत वळलेली होती. नागपूरला मेडिकलमध्ये सहा प्लास्टर झाले, मग टाचेमागची शीर मोकळी केली. आता झोपताना दांडीचे बूट (मध्ये दांडीनं जोडलेले दोन बूट) घालायचे आहेत. बाळ रडलं की सासूबाई ते काढून ठेवतात. वर, मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, हेही रोज ऐकवतात. काय करू?

उत्तर : ताई, आधी ते ग्रहण मनातून काढा. साधारण हजारातल्या एखाद्या बाळाला क्लबफूट, म्हणजे जन्मतः आत वळलेलं पाऊल, असतो. ग्रहण कडक पाळणाऱ्यांच्या घरीही असतो.

बुटांच्या बाबतीत मात्र माघार नको. प्लास्टरनं पाऊल सरळ केलं, ते सरळ ठेवतात हे बूट. प्लास्टर आणि बुटांच्या या उपचाराला पॉन्सेटी पद्धत म्हणतात. तिच्यात बुटांचे पहिले 3 महिने दिवसाचे 23 तास आणि पुढे चार-पाच वर्षांचा होईपर्यंत फक्त झोपेत, असा हिशेब असतो. सर्वांत अवघड टप्पा तुम्ही पार केलाय! आता सोडलं तर पाऊल पुन्हा वळू शकतं, म्हणजे परत प्लास्टर, परत एसटीच्या चकरा, तेही ऐन कापूस वेचणीत.

रडण्याचं कारण आधी बघा. सुती मोजा घाला, टाच बुटात पार खाली टेकवा आणि मधला पट्टा सगळ्यात आधी आवळा. टाच वर सरकली की घासते, फोड येतो. फोड दिसला तर मलम चोपडू नका, डॉक्टरांना दाखवा. टाच नीट बसली असेल, तर रडणं बहुधा रागाचं असतं. दांडी धरून दोन्ही पाय एकदम वर-खाली हलवा, खेळवा. दोन्ही पायांनी मिळून लाथा मारायला शिकला की तो बूट विसरतो. दांडीला जुन्या लुगड्याचा कपडा गुंडाळा, नाहीतर तुमच्याच नडगीवर बसेल.

बूट लहान होतील तेव्हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. त्यातल्या आजारांच्या यादीत क्लबफूट आहे. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकालाही विचारता येईल.

आणि सासूबाई. त्या दुष्ट नाहीत, नातवाचं रडणं त्यांना सोसत नाही. तुमचं सांगणं त्यांना सुनेचं बोलणं वाटतं, म्हणून पुढच्या तारखेला त्यांनाच सोबत न्या. तिथं बूट घातलेली दहा-बारा पोरं रांगताना दिसतील. पट्टा कसा आवळायचा ते डॉक्टरांना सासूबाईंच्याच हातून करवून घ्यायला सांगा. घरी आल्यावर रात्रीचे बूट घालायचं काम त्यांच्याकडेच द्या.