मासिकाला लिहितोयस, तर…

विमानाची मॉडेलं आणि ती बांधायचे आराखडे, म्हणजे प्लॅन, छापणाऱ्या मासिकाला पाठवायच्या तुझ्या पत्राचा मसुदा वाचला. ‘अंक छान, आणखी प्लॅन छापा’ एवढ्यावर संपादक काय करणार रे? कुठल्या महिन्याचा अंक, कुठलं मॉडेल, ते आधी लिही. मग उडतं वजन, मोटर किती केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे), प्रॉप म्हणजे पुढचा पंखा कुठला, बॅटरी तीन सेलची की चार. सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, पंखाच्या पुढच्या कडेपासून किती मिलिमीटरवर ठेवलास, हे तर हवंच.

‘रिब्ज (पंखाच्या सांगाड्यातल्या फासळ्या) जुळत नाहीत’ ही तक्रार मात्र लगेच पाठवू नकोस. साताऱ्यात पोवई नाक्यावर प्लॅनची झेरॉक्स काढलीस ना? कागदात बसवायला मशीन चित्र थोडं लहान करतं. प्लॅनवर छापलेली मोजपट्टी असते, तिच्यावर स्टीलची पट्टी ठेवून बघ. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

दुसरी तक्रार, ‘सांगितलंय तेवढ्या धावेत विमान उचलत नाही.’ सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंच. हवा किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ, एप्रिलच्या दुपारी त्याहून जास्त. पंखाची लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, घटते, प्रॉपचा जोरही घटतो, म्हणून धाव लांबते. यात प्लॅनचा दोष नाही, पण लिही जरूर! सखल मैदानावर उडवून लेख लिहिणाऱ्याला हे सुचेलच असं नाही, आणि घाटमाथ्यावरच्या पोरांना नेमकं हेच वाचायचं असतं.

स्तुती एका ओळीत उरक. फोटो विमान हातात धरलेला नको, बॅटरी ट्रेचा जवळून काढलेला पाठव.