फुगलेली फरशी इतक्यात उखडू नका

प्रश्न : खारघरला आमचं तळमजल्याचं रो-हाऊस आहे. गणपतीआधी हॉलमध्ये मेटॅलिक इपॉक्सीची (कोब्यावर ओतलेल्या चमकदार रेझिनची) फरशी करून घेतली. ३५० चौरस फूट, दर २६० रुपये. ९१,००० पैकी ६५,००० दिले. लेखी करार नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. महिनाभरात फुगे आले, दाराजवळ पोपडे सुटले. डिझाइनही फोटोत दाखवल्यासारखं नाही. ठेकेदार म्हणतो, ओल तुमच्या जमिनीतली. आता उरलेल्या २६,००० साठी त्याची वकिलामार्फत नोटीस आलीय. पैसे द्यावेत का? फरशी उखडून टाकू का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. उखडू नका. तुमचा मुख्य पुरावा पायाखाली आहे.

ओल खालून आली, हे ठेकेदाराचं म्हणणं बहुधा खरंच असेल. पावसाळ्यात तळमजल्याच्या कोब्यातून ओल वर येते, इपॉक्सी तिला वाट देत नाही, म्हणून थर फुगतो. पण एवढं सांगून तो सुटत नाही. ग्राहक आयोग विचारेल, ओल तपासायचं काम कुणाचं होतं? ती ठेकेदाराने अशी तपासायची: दीड फूट लांब-रुंद प्लास्टिक कोब्यावर ठेवायचं, चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि किमान १६ तासांनी उचलून बघायचं. खाली पाणी जमलं असेल तर काम थांबवायचं. हे न करताच त्याने प्रायमर (पहिला थर) लावला असेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतली त्रुटी म्हणून तक्रार करता येते.

मात्र तुमचे स्वतःचे मेसेज पुन्हा वाचा. 'ओल आहे, पाऊस सरू द्या' असं त्याने लिहिलं असेल आणि तुम्ही 'गणपतीआधी हवंच' म्हणाला असाल, तर तुमची बाजू लंगडी पडते.

डिझाइनची तक्रार सोडून द्या. मेटॅलिकची चमकदार पूड ओल्या रेझिनमध्ये फिरते आणि दर वेळी वेगळी बसते. फोटोतली लाट तुमच्या हॉलमध्ये जशीच्या तशी कुणालाच आणता येणार नाही. ठरलेला रंगच बदलला असता तर गोष्ट निराळी. हे रडगाणं जोडलंत, तर फुगे-पोपड्यांची खरी तक्रारही हौसेची वाटू लागेल.

नोटिशीला मुदतीत उत्तर द्या, वकिलामार्फत दिलंत तर उत्तम. काम सदोष आहे म्हणून बाकी रोखली आहे, असं त्यात स्पष्ट लिहा आणि एकत्र पाहणीसाठी त्याला तारीख द्या. तो आला नाही तरी दोन त्रयस्थांसमोर पाहणी उरका. नाण्याने टकटक करून जिथे बद्द आवाज येतो तिथे खडूने खुणा करा, फोटो काढा. सुटलेले पोपडे पाकिटात जपा. त्यांच्या खालच्या बाजूला सिमेंट चिकटून आलंय की ती गुळगुळीत आहे, यावरून कोबा नीट घासला होता का, याचा जाणकाराला अंदाज येतो. फोन बदलू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेलं कामही करारच असतं. ते मेसेज दाखल करताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

आता तक्रार कुठे? खारघर नवी मुंबईत असलं तरी जिल्हा रायगड, म्हणजे तुमच्या पत्त्यावरून आयोग अलिबागचा. ठेकेदाराचं दुकान तुर्भ्यासारख्या ठाणे जिल्ह्यातल्या भागात असेल, तर ठाणे जिल्ह्याच्या आयोगाकडेही जाता येतं. तुमची अलिबागची खेप वाचेल. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. बिल्डरला यात ओढायचं असेल तर आधी ताब्याची तारीख बघा; रेरा या बिल्डरांवरच्या कायद्यात बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षांपुरतीच आहे.

पाहणी झाली, की दुसऱ्या ठेकेदाराकडून दुरुस्तीचं लेखी कोटेशन घ्या. भरपाई म्हणून तोच आकडा मागायचा. त्यानंतर खुशाल उखडा, पण पाऊस संपल्यावर. आणि नव्या कोटेशनमध्ये ओलीची चाचणी कोण करणार, ओल निघाली तर खर्च कुणाचा, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या.